पिवळ्या छत्रीमागे

मावशी परदेशात आली ती भाचीला बघायला, शहर बघायला नव्हे. भाची तिथे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं शिक्षण घेत होती, आणि गेल्या दीड वर्षात फोनवर तिचं दर्शन व्हायचं ते फक्त कपाळाचं आणि एका कानाचं. "अगं, तोंड दिसू दे की," असं सांगून सांगून मावशी थकली. शेवटी तिने शिवणवर्गाला दहा दिवस सुट्टी दिली, हातातले सगळे ब्लाउज रात्रीचा दिवस करून उरकले आणि विमानात बसून थेट भाचीच्या दारात येऊन उभी राहिली.

भाचीचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. त्यात तिच्याबरोबर दंतवैद्यक शिकणारी एक बारकी मुलगी राहायची, तिला सगळे चिमणी म्हणत. वरच्या मजल्यावर राहून जेवायला मात्र खाली येणारा एक मुलगा होता. तो संख्याशास्त्र शिकत होता आणि दारातून येताना मान वाकवत होता, म्हणून तो लांबू. तिघंही सकाळी आठला जी बाहेर पडत ती अंधार पडल्यावरच उगवत. रिकामं बसणं मावशीच्या रक्तात नव्हतं. पाच दिवसांत तिने घरातल्या सगळ्या उशांना नवे अभ्रे केले, पडद्यांच्या कडा नीट केल्या आणि लांबूच्या प्रत्येक पँटची दुमड उसवून ती दोन दोन बोटं लांब करून दिली. आयुष्यात पहिल्यांदा त्याचे घोटे झाकले गेले.

शुक्रवारी जेवताना तिने सहज विचारलं, "काय रे, तुमच्या या शहरात बघण्यासारखं काय आहे?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"लायब्ररी छान आहे," चिमणी म्हणाली.

"आणि?"

"प्रयोगशाळेच्या खिडकीतून किल्ला दिसतो," लांबू म्हणाला. "म्हणजे, आहे म्हणतात तो किल्लाच असणार."

मावशीने भाचीकडे पाहिलं. इमारती शिकणारी ती! भाची ताटात बघत बसली होती. दीड वर्षात खोली, वर्ग आणि दुकान, दुकान, वर्ग आणि खोली. घाण्याच्या बैलालाही कधी तरी बाजार दिसत असेल. या तिघांना काहीसुद्धा दिसलं नव्हतं.

लाज वाटून लांबूने त्याच बैठकीत वेळापत्रक केलं. दोन दिवस, चौदा ठिकाणं. 'शनिवार, आठ चाळीस: मोठा चौक. नऊ पाच: किल्ला, पस्तीस मिनिटं.' मावशीने चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "सगळं झकास आहे. पण यात शू कधी करायची?" लांबूने कान लाल करून दोन्ही दिवशी दोन-दोन ठिकाणी दहा मिनिटं घातली.

आणि रात्रीतून पाऊस लागला. साधासुधा नव्हे, तर आडवातिडवा, वाऱ्यासकट, खिडकीच्या फटीतून आत येऊन चौकशी करणारा पाऊस. सकाळी चिमणी कोपऱ्यावरच्या दुकानात धावली. तिथे उरलेल्या सगळ्या छत्र्या पिवळ्याधमक होत्या, तिने चार आणल्या.

"उत्तम!" लांबू म्हणाला. "चौघांच्या पिवळ्या. चुकामूक होण्याची शक्यता जवळजवळ शून्य."

"मावशी, तू फक्त पिवळ्या छत्रीच्या मागे चालायचं," भाचीने बजावलं. "आणि फोन माझ्याकडे दे, भिजेल." तिने तो आपल्या पाठपिशवीत टाकला. मग एका चिठ्ठीवर घरचा पत्ता आणि आपला नंबर लिहून मावशीच्या रेनकोटच्या आतल्या खिशात कोंबला. रेनकोट लांबूचा होता. तो मावशीच्या घोट्यापर्यंत येत होता आणि बाह्यांच्या चार घड्या घालूनही बोटं सापडत नव्हती.

मोठ्या चौकात पोचल्यावर भाचीने टेकडीकडे हात केला. "तो बघ, किल्ला."

"कुठाय?"

"तिथे. ढगात."

मावशीने डोळे बारीक केले. समोर नुसतं धुकं. "आणि त्याच्या शेजारी?"

"शेजारी राजवाडा."

"तोही ढगात?"

"तोही ढगात."

"बरेच आहेत की!" मावशी म्हणाली, आणि चिमणी जी फुटली ती थांबेचना. तिचं हसू एखाद्या गळक्या नळासारखं होतं, बंद झालं म्हणता म्हणता पुन्हा सुरू. तिच्यामुळे भाची हसली, भाचीमुळे लांबू हसला, आणि तो हसताना छत्री सरकून त्याच्या कॉलरमध्ये अर्धा तांब्या पाणी गेलं. ढगापुढे उभं राहून चौघांचा फोटो काढायचा ठरला, म्हणून मावशीने आपली छत्री मिटून चिमणीकडे दिली. भाची फोन शोधायला पिशवीत डोकं घालून उभी राहिली, तेवढ्यात चौकात दोन मोठ्या बस येऊन थांबल्या आणि एकच झुंबड उडाली. रेनकोट, पिशव्या, छत्र्या, सगळीकडून धक्के. मावशीच्या चष्म्यावर पाणी. तिने तो पुसला, डोळ्यांना लावला आणि पाहिलं तर पिवळी छत्री चालायला लागलेली.

"अरे, थांबा तरी!" म्हणत ती मागे निघाली. छत्री गर्दीतून तुरुतुरु चालली होती. एक गल्ली, एक कमान, चार पायऱ्या. 'या पोरांना वेळापत्रकाची एवढी काय घाई,' असं मनात म्हणत मावशी धापा टाकत पाठोपाठ. छत्री एका बसमध्ये चढली, मावशीही चढली. दार बंद झालं, बस सुटली आणि छत्री मिटली.

छत्रीखालून निघाला एक गोरटेला, मिशीवाला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला अनोळखी गृहस्थ.

तिने बसभर नजर फिरवली. सगळी तिच्याहून वयस्कर माणसं, भिजलेली, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत गप्पा छाटणारी. त्यात ना भाची, ना चिमणी. लांबू तर बसमध्ये असता तर आधी त्याचं डोकंच छताला आपटल्याचं ऐकू आलं असतं. मिशीवाला वाटाड्या आता माणसं मोजत होता. शेवटपर्यंत आला, थबकला, पुन्हा मोजली. मग तो मावशीपाशी येऊन काहीतरी गोड आवाजात बोलला.

"मी तुमची नाही हो," मावशी म्हणाली. "मी त्यांची आहे." आणि तिने मागच्या काचेकडे बोट दाखवलं. तिथे नुसता पाऊस होता.

त्याला काही कळलं नाही. तेव्हा मावशीला चिठ्ठी आठवली. लांबूच्या त्या अथांग रेनकोटात आतला खिसा सापडेपर्यंत बस दोन वळणं पुढे गेली. वाटाड्याने चिठ्ठी वाचली, कपाळावर हात मारला आणि नंबर फिरवला. पहिल्याच घंटेला तिकडून भाचीचा आवाज फुटला. तो काही वेळ तिच्याशी बोलला आणि फोन मावशीच्या हातात दिला.

"मावशी! कुठे आहेस तू?"

"गाडीत."

"कसल्या गाडीत?"

"पिवळ्या छत्रीच्या. तूच म्हणालीस ना, पिवळ्या छत्रीच्या मागे चाल म्हणून."

पलीकडे भाचीच्या मागून लांबूचा आवाज आला, "माझं गणित चुकलं, मावशी. वाटाड्यांच्या छत्र्या मी हिशोबात धरल्याच नव्हत्या."

भाची रडवेली झाली होती. "हे बघ, घाबरू नकोस. ही निवृत्त टपाल कर्मचाऱ्यांची सहल आहे. तो माणूस चांगला आहे, तो तुला पुढच्या थांब्यावर उतरवतो म्हणतोय. आम्ही येतोच तिथे."

"पुढचा थांबा कुठला?"

"किल्ला."

मावशीने बाहेर पाहिलं. बस वळणावळणाने चढ चढत होती आणि ढग हळूहळू खाली राहत होते. आपण घाबरलो आहोत का, असं तिने स्वतःलाच विचारलं. पण ही भीती नव्हती. शाळेत असताना भूगोलाचा तास बुडवून मैत्रिणीबरोबर नदीवर गेली होती, तेव्हा जे वाटलं होतं, ते हेच.

"मग किल्ला बघूनच घेते," ती म्हणाली.

"काय?"

"आता बसलेच आहे तर बघते. ही सहल संपते कधी? तो काही बोलला का?"

"पाच वाजता, नदीच्या धक्क्यावर. पण मावशी…"

"मग पाचला भेटू. तुम्ही खाऊन घ्या काहीतरी." आणि तिने फोन परत दिला. भाचीकडून सगळं ऐकून वाटाड्याने भुवया उंचावल्या, मग मिशीतल्या मिशीत हसला आणि आपल्या कागदावर बावीसच्या पुढे अधिक एक असं लिहिलं.

मावशीच्या शेजारच्या सीटवर एक गुटगुटीत आजी बसली होती. मावशीने मनातल्या मनात तिचं नाव टपालबाई ठेवलं. टपालबाईंना मराठीचा म येत नव्हता आणि मावशीला त्यांच्या भाषेतलं फक्त 'धन्यवाद' येत होतं. तरी दोघी बोलत होत्या, आणि बऱ्याच बोलत होत्या. टपालबाईंनी बोटांवर तीन नातवंडं दाखवली. मावशीने हाताने शिवणयंत्र चालवून दाखवलं. पण मावशीचं लक्ष एकाच ठिकाणी जात होतं. टपालबाईंच्या कोटाचं दुसरं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. ते बघून तिला चैन पडेना. कुणाच्या दातात काही अडकलेलं दिसावं आणि आपलीच जीभ तिथे जावी, तसं तिचं झालं. शेवटी तिने पर्समधून सुईदोऱ्याची डबी काढली, "बसा सरळ," असं मराठीत सांगितलं आणि चालत्या बसमध्ये, वळणावर वळण घेताना, एकदाही बोट न टोचता बटण पक्कं करून दोरा दाताने तोडला.

टपालबाईंनी बटण ओढून पाहिलं, हलेना. त्यांनी उठून सगळ्या बसला कोट दाखवला. झालं! मागच्या सीटवरून एक टक्कलवाले आजोबा फाटका खिसा घेऊन आले. त्यांच्या मागे एक बाई उसवलेली बाही घेऊन. कुणाची निघालेली पट्टी, कुणाच्या टोपीचा सुटलेला बंद. जन्मभर लोकांना खिडकीपुढे रांगेत उभं केलेली ती माणसं आता मावशीपुढे शिस्तीत रांग लावून उभी राहिली, आणि मध्येच घुसू पाहणाऱ्या एका आजोबांना सगळ्यांनी मिळून मागे पाठवलं.

किल्ला त्यांनी धावतपळत पाहिला. तोफा पाहिल्या, एक विहीर पाहिली. वाटाड्या तळमळीने सगळं सांगत होता आणि मावशी त्याच्या हातवाऱ्यांवरून आपलं समजून घेत होती. कोणीतरी कोणाला विहिरीत ढकललं होतं, एवढं नक्की. तिथून खाली उतरताना बसच्या मागच्या काचेतून तिला उतारावर तीन पिवळे ठिपके दिसले. एक उंच, एक मध्यम, एक बारीक, जिवाच्या आकांताने वर धावत येणारे. "अगं बाई! आली माझी पोरं!" ती उठून दोन्ही हात हलवायला लागली. सगळी बसच उठून हात हलवायला लागली. ठिपके थांबले, वळले, खाली धावायला लागले, आणि बस वळणाआड गेली.

पुढे दुपारभर हेच चाललं. बस बाजारातून निघाली की ठिपके बाजारात पोचायचे. मावशी संग्रहालयातून बाहेर यायची आणि वाटाड्याचा फोन वाजायचा, "मावशी, तिथेच थांब!" "कशी थांबू? गाडी सुटतेय!" टपालवाल्यांना आता सगळी कथा कळली होती आणि त्यांनी पैजा लावल्या होत्या, पोरं गाठतात की नाही. बहुतेकांचा कल नाही असाच होता.

चारच्या सुमाराला घड्याळाच्या मनोऱ्यापाशी वाऱ्याचा असा एक झोत आला की वाटाड्याची छत्री उलटी झाली आणि तिचं कापड काड्यांवरून सुटून फडफडायला लागलं. बिचाऱ्याचा चेहरा पडला. छत्रीवाचून बावीस म्हातारी माणसं त्याला कशी सांभाळता येणार? मावशीने मुकाट्याने हात पुढे केला. मनोऱ्याच्या दारातल्या दगडी बाकावर बसून तिने आठही काड्यांची टोकं दुहेरी दोऱ्याने आवळून बांधली, जिथे कापड फाटलं होतं तिथे हातशिलाई घातली आणि छत्री उघडून पावसात धरली. एक थेंब आला नाही.

मनोऱ्याचा राखणदार हे सगळं बघत उभा होता. तो वाटाड्याच्या कानात काहीतरी बोलला. मग त्याने चाव्यांचा जुडगा काढला आणि सहसा कोणासाठी न उघडणारं एक बुटकं दार उघडलं. आत अरुंद गोल जिना. मावशी, टपालबाई आणि टक्कलवाले आजोबा, तिघांनाच जागा. एकशे बारा पायऱ्या. टपालबाई दर वीस पायऱ्यांनी थांबून काहीतरी अपशब्द वापरत होत्या. शब्द कळत नव्हते तरी ते अपशब्दच होते, याबद्दल मावशीला शंका नव्हती.

वर पोचल्यावर मावशीचे डोळे विस्फारले. खोलीभर चाकं. माणसाएवढी, ताटाएवढी, बांगडीएवढी, एकमेकांत दात रुतवून सावकाश फिरणारी. तेलाचा तो ओळखीचा वास. चाळीस वर्षं ज्या वासात तिने दिवस काढले, तोच. राखणदाराने तिच्या हातात तेलाचा डबा दिला आणि एका चाकाच्या कण्याकडे बोट दाखवलं. मावशीने घरच्या मशीनला घालते तसे मोजून तीन थेंब घातले. राखणदाराने मान डोलावली.

आणि तेवढ्यात डोक्यावरच्या घंटेने साडेचारचा टोला दिला. तिघंही जागच्या जागी उडाली. टपालबाईंनी आजोबांना मिठी मारली, आजोबांनी मावशीला, मावशीने राखणदाराला. मग भान आल्यावर चौघं खोखो हसत सुटले. मावशीचं पोट दुखायला लागलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तिला वाटलं, अठ्ठावन्न वर्षांत आपण असं कधी हसलो होतो?

पाच वाजता धक्क्यावर तिघं उभी होती. छत्र्यांचा काही उपयोग झालेला दिसत नव्हता. भाची पुढे झाली आणि कधी नव्हे ती मावशीवर कडाडली.

"तुला काही वाटतं का? फोन नाही, भाषा नाही, परक्या माणसांच्या गाडीत बसून खुशाल फिरतेस! इथे माझा जीव टांगणीला. आईला मी काय सांगितलं असतं?"

मावशी खाली मान घालून उभी राहिली. हुबेहूब याच सुरात तिने भाचीला झापलं होतं, भाची सहा वर्षांची असताना बाजारात हरवली होती तेव्हा. "चुकलंच माझं," ती म्हणाली. आणि एका दमात पुढे, "पण घड्याळाला तेल मी घातलं!"

भाचीने चेहरा कडक ठेवायचा खूप प्रयत्न केला. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. तेवढ्यात मागून टपालवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, टपालबाईंनी येऊन भाचीचे गाल ओढले, तिच्या जॅकेटचं सुटलेलं बटण बघून मावशीकडे रागाने बोट दाखवलं, आणि चिमणीचा नळ पुन्हा सुरू झाला. तिथेच संपलं सगळं रागावणं.

रविवारी पाऊस दुप्पट. तिघांचे बूट रेडिएटरपाशी रांगेत वाफाळत होते. लांबूने वेळापत्रकाच्या कागदाची होडी केली होती. "आज घरीच बसू या," भाची पांघरुणातून म्हणाली. "पाहिलं की सगळं."

"मी पाहिलं," मावशी म्हणाली. "तुम्ही नुसते धावलात. उठा! मी दाखवते तुम्हाला तुमचं शहर."

आणि तिने दाखवलं. बूट अर्धे ओले, मोजे दोन दोन, असे सगळे निघाले. किल्ल्यावर तिने वाटाड्यासारखाच एक हात पाठीमागे घेतला आणि विहिरीपुढे उभी राहून म्हणाली, "इथे राजाने राणीला ढकललं. किंवा राणीने राजाला. किंवा दोघांनी मिळून प्रधानाला. पण कोणीतरी गेलं."

"मावशी, ही विहीर धान्याची कोठी होती," भाचीने बाजूची पाटी वाचली.

"म्हणजे कोणीतरी धान्यात पडलं."

चिमणी हसता हसता ओल्या फरशीवर बसली. लांबू तिला उठवायला गेला आणि स्वतःच आडवा झाला, एवढा लांब की येणाऱ्याजाणाऱ्यांना वळसा घालून जावं लागलं. पण थोड्या वेळाने भाचीच बोलायला लागली. तटाच्या भिंतीला हात लावून तिने दाखवलं, हा दगड जुना, हा नंतरचा; या चुन्यात विटेची पूड आहे; ही भेग कोणीतरी फार मायेने भरली आहे. बोलताना तिचे हात हलत होते. पाऊस नाकावरून ओघळत होता आणि तिला पत्ता नव्हता. मावशी गुपचूप ऐकत राहिली. फोनवर न दिसलेला सगळा चेहरा आता तिच्यापुढे होता.

"तुला हे एवढं येतं?" तिने विचारलं.

"येतं," भाची म्हणाली, आणि जरा लाजली. "पण खरं सांगू? पहिलं वर्ष मला बाहेर पडायचीच भीती वाटायची. रस्ता चुकला तर, कोणी काही विचारलं तर… मग मी अभ्यास आहे म्हणायचे. काल तुझ्यामागे धावताना मी अकरा लोकांना रस्ता विचारला. अकरा! आणि कोणीच खाल्लं नाही मला."

"तू कशी काय हाती लागशील त्यांच्या," मावशी म्हणाली. "एवढी धावत होतीस." आणि तिने तिचं ओलं डोकं आपल्या खांद्याशी ओढून घेतलं.

संध्याकाळी परतताना ट्राममध्ये चौघांना समोरासमोर जागा मिळाली. काचांवर वाफ धरली होती. चिमणीने त्या वाफेवर बोटाने एक दाढ काढली, मुळांसकट. भाची दोन मिनिटांत मावशीच्या खांद्यावर झोपली, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशीच. लांबूने बाहेर पाहिलं, पुढे वाकला आणि कुजबुजला, "मावशी, पुढचा थांबा आपला."

मावशीने ओठांवर बोट ठेवलं.

थांबा आला. दारं उघडली, कोणी चढलं, कोणी उतरलं, दारं मिटली. लांबूने मागे जाणाऱ्या त्या ओळखीच्या रस्त्याकडे पाहिलं, मग चिमणीकडे. चिमणीने दोन्ही तळवे तोंडावर गच्च दाबले होते आणि तिचे खांदे गदागदा हलत होते. मावशीही हसत होती, पण आतल्या आत, खांदा तसूभर हलू न देता. ट्राम पावसात पुढे निघाली, जिथपर्यंत जाते तिथपर्यंत.